आदेश हातात पडल्यानंतर

3 जानेवारीच्या सकाळी जिल्हा परिषदेच्या कोणत्याही शाळेत डोकावले तर निम्म्या मुली सावित्रीबाई झालेल्या दिसतात. आजीचे लुगडे दुमडून-मुडपून नेसवलेले, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात पाटी. पुढे 12 तारखेला सिंदखेडराजाला लखुजी जाधवांच्या राजवाड्यापुढे पहाटेपासून माणसांची रीघ लागते आणि त्या गर्दीत हीच लेकरे जिजाऊ आणि शिवबा होऊन आईबापांचा हात धरून चालत असतात. या दोन तारखांमधले दहा दिवस आपल्याकडे दशरात्रोत्सव म्हणून पाळले जातात. व्याख्याने होतात, शोभायात्रा निघतात, सावित्री आणि जिजाऊ या दोन नावांनी बुलडाणा जिल्हा दुमदुमतो. यंदा आम्हाला लिहायचे आहे ते त्या पाटीवाल्या मुलीच्या मागे उभ्या असलेल्या बाईंबद्दल. चार पिना दातांत धरून जी त्या मुलीचा पदर सावरून देते, ती वर्गशिक्षिका. ती इथवर कशी पोहोचली, तिला कोणी शिकवले, ती राहते कुठे आणि शाळेत एकटी पडते तेव्हा तिच्या मदतीला कोण येते, हे विचारायला या दहा दिवसांहून चांगला मुहूर्त नाही.

सावित्रीबाईंवरच्या भाषणांत अंगावर आलेल्या शेणादगडांचा प्रसंग हमखास येतो, आणि तो यावाच. मागे राहते ती वेगळी गोष्ट. वर्गात उभे राहण्याआधी सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे रीतसर प्रशिक्षण घेतले होते. अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये त्या शिकल्या, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. बाईने अक्षर गिरवणेच जिथे पाप मानले जाई, तिथेही सावित्रीबाई आणि जोतिराव फुले या दांपत्याने लिहितावाचता येते म्हणजे शिकवता येते असे धरले नाही.

पुढे 19 ऑक्टोबर 1882 रोजी जोतिरावांनी शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, त्यातला प्राथमिक शिक्षकांविषयीचा भाग आजही टेबलावर ठेवून वाचावा असा आहे. शिक्षक शक्यतो शेतकरी समाजातून घ्यावेत, नांगराचे रुमणे किंवा सुताराचा वाकस हाती धरायची ज्यांना लाज वाटणार नाही असे घ्यावेत. त्यांच्या प्रशिक्षणात नेहमीच्या विषयांबरोबर शेती आणि आरोग्याचे प्राथमिक ज्ञान असावे. प्रशिक्षण न झालेल्यांच्या जागी प्रशिक्षित शिक्षक यावेत. पगार बारा रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावात तो पंधरा-वीस असावा. आणि गावाच्या हिशेबांची तपासणी, दस्तनोंदणी, टपाल अशी कामे सोपवून शिक्षकाला गावच्या कारभारात मानाची जागा द्यावी. हे निवेदन मुंबई इलाख्यापुरते होते, आपला वऱ्हाड तेव्हा त्या इलाख्यात नव्हता. पण त्यातला प्रत्येक मुद्दा आज घाटावरच्या आणि घाटाखालच्या तेराही तालुक्यांना लागू पडतो.

वऱ्हाडानेही आपल्या परीने प्रयोग पाहिले आहेत. 1937 नंतर मध्य प्रांत आणि वऱ्हाडात रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजना आणली. जमीन दान मिळवायची, तिच्या उत्पन्नावर शाळा आणि शिक्षक दोन्ही चालवायचे आणि त्यासाठीचे शिक्षक वर्ध्याला तयार करायचे, अशी ती कल्पना होती. ती फार टिकली नाही. पुढे 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या आणि झेडपीचे मास्तर हा शब्द गावोगावच्या तोंडी रुळला. आज जिल्ह्यात पन्नाशी-साठीत असलेल्या हजारो माणसांची पहिली सही या मास्तरांनी गिरवून घेतलेली आहे.

आता भरतीचे पाहू. 2010 ची सीईटी झाली आणि 2 मे 2012 च्या शासन निर्णयाने शिक्षकभरती थांबली. दरम्यान शिक्षणहक्क कायद्यामुळे शिक्षक पात्रता परीक्षा बंधनकारक झाली आणि राज्यातली पहिली टीईटी 15 डिसेंबर 2013 रोजी झाली. भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी डिसेंबर 2017 मध्ये आली, ऑनलाइन भरतीच्या पवित्र पोर्टलवरची पहिली मोठी निवडयादी लागायला ऑगस्ट 2019 उजाडला. दुसरी चाचणी 2023 मध्ये, तिची यादी फेब्रुवारी 2024 मध्ये, तिसरी चाचणी मे-जून 2025 मध्ये. मोताळ्याची किंवा लोणारची एखादी मुलगी 2011 साली विसाव्या वर्षी डी.एड. होऊन बाहेर पडली असेल, तर पहिली यादी लागली तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती. दुसऱ्या यादीत नाव आले असेल तर तेहेतीस. मधली वर्षे तिने कुठल्या तरी खासगी शाळेत मिळेल त्या पगारावर किंवा सोयाबीनच्या शेतात काढली. तिच्याबरोबरच्या कितीतरी जणांनी डी.एड.चे प्रमाणपत्र ट्रंकेत ठेवले आणि दुकान टाकले. गावोगाव निघालेली अध्यापक विद्यालये मग एकेक करून ओस पडली.

त्यात 2019 च्या टीईटीचा घोटाळा झाला. जानेवारी 2020 मध्ये झालेल्या त्या परीक्षेत पैसे देऊन गुण वाढवून घेतल्याचे पुणे पोलिसांनी डिसेंबर 2021 मध्ये उघड केले आणि साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. प्रामाणिकपणे अभ्यास करणाऱ्या मुलामुलींच्या मनावर त्याने जो ओरखडा काढला, तो अजून गेलेला नाही.

हे सगळे खरे असले तरी पवित्र पोर्टलचे श्रेय आम्ही हातचे राखून देणार नाही. शिक्षकाची नोकरी म्हणजे आधी किती लाख भरायचे, हा प्रश्न ज्या महाराष्ट्रात घराघरांत विचारला जाई, तिथे आज शेतमजुराची मुलगी फक्त गुणांवर जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू होते. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्यात अकरा हजारांवर उमेदवारांची शिफारस झाली. त्यांतले अनेकजण आपल्या गावातले पहिले सरकारी नोकरदार असतील. अनेक वर्षे रिकाम्या राहिलेल्या वर्गांत माणूस आला, ही मोठी गोष्ट आहे. आमचा प्रश्न पुढचा आहे.

कागदपत्रे तपासून झाली की समुपदेशन होते. गुणानुक्रमे नावे पुकारली जातात आणि उमेदवार पडद्यावरच्या रिक्त जागांतून गाव निवडतो. लातूर, नांदेड किंवा कोल्हापूरकडच्या मुलाला बुलडाणा जिल्हा मिळाला असेल, तर सातपुड्याच्या पायथ्याचे गाव त्याने कधी ऐकलेलेही नसते. आदेश हातात पडतो, सात दिवसांत रुजू व्हायचे असते. तो जळगाव जामोदला उतरतो, पुढची गाडी कधी ते विचारतो, आणि शाळेच्या कुलपाची किल्ली कोणाकडे असते हे त्याला गावातल्या पोरांकडून कळते.

पुढची तीन वर्षे तो शिक्षणसेवक असतो. ही योजना 2000 साली आली तेव्हा प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला महिना 3,000 रुपये मिळत. पुढे ते 6,000 झाले आणि एक दशकभर तिथेच गोठले. फेब्रुवारी 2023 च्या निर्णयाने मानधन 16,000 झाले, माध्यमिकला 18,000, उच्च माध्यमिकला 20,000. वाढ झाली हे चांगलेच झाले. पण त्याच वर्षी जुलैमध्ये रिक्त जागांवर निवृत्त शिक्षकांना महिना 20,000 रुपयांवर कंत्राटी नेमण्याचा निर्णय निघाला. निवृत्तीवेतन घेणाऱ्या ज्येष्ठांना वीस आणि परीक्षेच्या दोन चाळण्यांतून आलेल्या, आईवडिलांना पैसे पाठवणाऱ्या, परगावी खोली घेऊन राहणाऱ्या तरुणाला सोळा. ज्येष्ठांच्या अनुभवाबद्दल आम्हाला आदर आहे. तरीही या दोन आकड्यांचा मेळ कोणत्या हिशेबाने बसतो, ते शासनाने एकदा सांगावे. जोतिरावांनी बारा रुपयांची किमान रेघ आखली होती ती शिक्षकाने पोटाच्या काळजीत वर्गात उभे राहू नये म्हणून.

सप्टेंबर 2024 मध्ये कमी पटाच्या शाळांत कंत्राटी शिक्षक नेमण्याचा निर्णय आला, शिक्षक रस्त्यावर उतरले आणि फेब्रुवारी 2025 मध्ये तो मागे घ्यावा लागला. त्याआधी 15 मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या, म्हणजे शाळेची शिक्षकपदे ठरवण्याच्या, निकषांनी सहावी ते आठवीचा पट विसाच्या खाली गेला तर पदच शून्य करून टाकले. कागदावर ही काटकसर दिसते. घाटाखालच्या एखाद्या खेड्यात तिचा अर्थ असा होतो की सातवीतल्या मुलीची शाळा गावातून उठते आणि मुलगी घरी बसते. सावित्रीची वेशभूषा केलेल्या मुलींच्या वर्गात हे विसरता येत नाही.

आता त्या शाळेत आत जाऊ. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे साठपर्यंत पट असेल तर दोन शिक्षक. वर्ग मात्र चार किंवा पाच. म्हणजे एका खोलीत पहिली आणि दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी ते पाचवी. पहिलीचे पोर अजून पेन्सिल चोखते आहे आणि पाचवीच्या मुलाला अपूर्णांक हवे आहेत. याला प्रशिक्षणाच्या भाषेत बहुवर्ग अध्यापन म्हणतात. हे जमणे ही स्वतंत्र कला आहे. पहिलीला चित्रांचा तक्ता देऊन चौथीला गणिताकडे वळवायचे, दहा मिनिटांनी उलट करायचे, आणि या सगळ्यात कोणाचाही हात रिकामा राहू द्यायचा नाही. जिल्ह्यात ही कला अंगी असलेले शिक्षक आहेत. पंचवीस वर्षे द्विशिक्षकी शाळा सांभाळणारे गुरुजी ती हसतखेळत करतात. पण पदवी आणि पदविकेच्या अभ्यासात तिला जितकी जागा हवी तितकी मिळत नाही, आणि नव्या शिक्षकाला या जुन्या गुरुजींच्या शेजारी महिनाभर बसवण्याची सोय कोणत्याही वेळापत्रकात नाही.

आमचे म्हणणे इथे येऊन थांबते. भरती पोर्टलवर होते, प्रशिक्षण पडद्यावर होते, आणि शिक्षक घडतो तो मात्र दुसऱ्या शिक्षकाच्या शेजारी. सरकारचा पैसा आणि कल्पकता पहिल्या दोन गोष्टींवर खर्च होते. तिसरीसाठी यंत्रणा उभी आहे, फक्त तिच्यात माणसे नाहीत.

नव्वदच्या दशकात महाराष्ट्राने एक फार शहाणी रचना केली होती. दहाबारा शाळा मिळून एक केंद्र, त्याला एक केंद्रप्रमुख, आणि दर महिन्याला त्या केंद्रातल्या शिक्षकांनी एकत्र बसायचे. राज्यात अशी 4,860 केंद्रे झाली. चांगला केंद्रप्रमुख लाभला तर ही बैठक म्हणजे शिक्षकांची पंगत असते. एक बाई वजाबाकीचा आपला पाठ घेऊन दाखवतात, कोणी चूक सांगते, कोणी स्वतःच्या शाळेतली युक्ती सांगतो, आणि एकशिक्षकी शाळेवरचा नवखा मुलगा वही काढून लिहून घेतो. केंद्रप्रमुखाने आळीपाळीने शाळांवर जायचे, मागच्या बाकावर बसून पाठ पाहायचा आणि दोन शब्द सांगायचे. आज एकेका केंद्रप्रमुखाकडे दोन-तीन केंद्रांचा कार्यभार असतो आणि त्याचा दिवस माहिती गोळा करून वर पाठवण्यात संपतो. 2023 मध्ये राज्यात 2,384 पदांसाठी विभागीय परीक्षेची जाहिरात निघाली आणि ती परीक्षा वारंवार लांबत गेली. बुलडाण्याच्या डाएटसारख्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था 1986 च्या शैक्षणिक धोरणातून जन्मल्या, जिल्ह्याने आपल्या शिक्षकांची गरज ओळखून आपणच त्यांना तयार करावे म्हणून. राज्यभरातल्या या संस्था अध्यापक वर्गाच्या रिक्त पदांनी खंगल्या आहेत.

दरम्यान प्रशिक्षणांची संख्या मात्र वाढत राहिली. 2020 च्या राष्ट्रीय धोरणाने प्रत्येक शिक्षकाला वर्षाला पन्नास तासांचे व्यावसायिक विकासाचे काम सांगितले आहे. निष्ठा प्रशिक्षण आले, दीक्षा ॲप आले, चित्रफिती आल्या. त्यांत उत्तम साहित्य आहे, हे आम्ही पाहिलेले आहे. पण डोंगरातल्या ज्या गावात मोबाइलला रेंज मिळवायला टेकडीवर चढावे लागते, तिथला शिक्षक ही चित्रफीत रात्री तालुक्याच्या गावी येऊन बघतो आणि प्रमाणपत्र उतरवून घेतो. बारा आणि चोवीस वर्षांनंतरच्या वरिष्ठ आणि निवडश्रेणीच्या प्रशिक्षणाचेही तेच. वेतनश्रेणीसाठी ते लागते, म्हणून ते होते. त्यानंतर त्या शिक्षकाच्या वर्गात काय बदलले, हे पाहायला कोणी जात नाही.

प्रशिक्षण जिल्ह्याचे का असावे लागते, याचे एक उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे आणि ते सगळ्या देशात दुसरीकडे सहज सापडणार नाही. जळगाव जामोद तालुक्यात सोनबर्डी, कुवरदेव, चाळठाणा अशा गावांत निहाली भाषा बोलली जाते. बोलणारे दोन-अडीच हजारांच्या घरात. जगातल्या कोणत्याही भाषाकुळाशी तिचे नाते अजून सिद्ध झालेले नाही. डच भाषाशास्त्रज्ञ कायपर यांनी 1962 साली तिच्यावर पुस्तक लिहिले आणि तेव्हापासून अभ्यासक तिच्यामागे आहेत. शेजारी कोरकू आहे, ती मुंडा कुळातली. बाजारात वऱ्हाडी आणि हिंदी. आणि शाळेतल्या पहिलीच्या पुस्तकात प्रमाण मराठी. सहा वर्षांचे लेकरू या भाषांच्या चौकात उभे असते. गुरुजी चित्र दाखवून विचारतात हे काय आहे, लेकराला उत्तर माहीत असते, पण गुरुजींना हव्या त्या शब्दात ते येत नाही. ते गप्प राहते आणि वहीत त्याच्या नावापुढे अप्रगत असा शेरा पडतो. 2026-27 पर्यंत तिसरीतल्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, असे निपुण भारत अभियानाचे उद्दिष्ट आहे. ते गाठायचे तर सोनबर्डीच्या शिक्षकाला दिल्ली-पुण्याहून आलेली चित्रफीत पुरणार नाही. पाणी, भाकर, आई, ताप, भीती या गोष्टींना तिथली पोरे काय म्हणतात, ते त्याला सांगणारे माणूस हवे. ते माणूस त्याच गावात आहे, बहुधा पोषण आहार शिजवणाऱ्या ताईच्या रूपाने चुलीपाशी बसलेले आहे.

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकालाही वेगळी अडचण आहेच. सिंदखेडराजा, लोणार, देऊळगावराजा या पट्ट्यातली कुटुंबे ऊसतोडीला आणि वीटभट्ट्यांवर निघून जातात. दिवाळीनंतर वर्गातली बाके रिकामी होतात आणि मुले परततात ती शाळेचे वर्ष सरत आल्यावर. त्या मुलाला पुन्हा वर्गाबरोबर कसे आणायचे, हे शिक्षकाला शिकवले पाहिजे आणि त्यासाठी वेळ दिला पाहिजे.

वेळेचा प्रश्न असा दर वळणावर भेटतो. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण सोडून इतर कामे शिक्षकांना देऊ नयेत, असे शिक्षणहक्क कायद्याचे कलम 27 सांगते. 2024 मध्ये राज्याने शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामांची यादीही केली. तरीही तांदळाचा साठा, आधारची नोंद, मतदार यादी, रोजची ऑनलाइन माहिती हे सगळे मुख्याध्यापकाच्या, म्हणजे द्विशिक्षकी शाळेत एका शिक्षकाच्याच गळ्यात असते. वाचकांपैकी कोणी म्हणतील की जोतिरावांनीही शिक्षकाला गावकीची कामे सांगितलीच होती. सांगितली होती, पण ती त्याची पत वाढवणारी होती. गावाचे हिशेब ज्याच्या नजरेखालून जातात, त्याच्यापुढे गावचा पाटीलही जपून बोलला असता. आजच्या शिक्षकाच्या हाती येते ते पत्र आणि आजच माहिती सादर करा ही तंबी.

राहण्याचेही तसेच. शिक्षकाने मुख्यालयी राहावे, तसा ग्रामसभेचा ठराव आणावा, तर घरभाडे भत्ता. शिक्षक गावात राहावा ही गावाची इच्छा रास्त आहे, आम्हीही तिच्या बाजूचे आहोत. पण ज्या गावात भाड्याने द्यायला खोली नाही, बाईमाणसाला स्वच्छतागृह नाही, तिथे बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीने राहायचे कुठे? आरोग्य केंद्राच्या आवारात डॉक्टरांसाठी निवासस्थान बांधतो, तसे चार शाळा मिळून शिक्षकांसाठी का बांधू नये? जिल्हा परिषदेला हे करता येण्यासारखे आहे.

शेवटी त्या निकालाबद्दल, ज्याने शिक्षकांची झोप उडवली आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 रोजी सांगितले की ज्यांच्या सेवेची पाच वर्षांहून अधिक वर्षे शिल्लक आहेत, त्या सेवेतील शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे. पाच वर्षांहून कमी उरलेल्यांना सूट आहे, पण पदोन्नती हवी असेल तर परीक्षा आहेच. शिक्षकाची पात्रता तपासली जावी, हे तत्त्व आम्हाला मान्य आहे. मुलाच्या हिताचे आहे ते. पण 1998 साली त्या वेळच्या सगळ्या अटी पूर्ण करून लागलेली, पंचविसावर पिढ्या पहिलीतून पुढे पाठवलेली बाई आज रात्री मुलाच्या शेजारी बसून बालमानसशास्त्राचे प्रश्नसंच सोडवते आहे, तेव्हा तिच्या पाठीशी तिला नेमणारे सरकार दिसायला हवे. डाएटने आणि गट साधन केंद्रांनी तिच्यासाठी अभ्यासवर्ग घ्यावेत, शनिवारी दुपारी, तालुक्याच्या ठिकाणी, फुकट. तिला सेवेत ठेवून पात्र करणे हे सरकारचेच काम आहे. खासगी शिकवण्यांचे फलक लागायला सुरुवात झालेलीच आहे.

उन्हामुळे विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात. तेवढे पाच महिने जिल्हा परिषदेकडे आहेत. त्यात पुष्कळ करता येईल, पण एका गोष्टीपासून सुरुवात करावी अशी आमची विनंती आहे. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतल्या डोंगरपट्ट्यातल्या शिक्षकांना आणि पोषण आहार शिजवणाऱ्या तायांना एकत्र बसवावे आणि निहाली, कोरकू, वऱ्हाडी अशा तीन रकान्यांची एक पातळ वही तयार करावी. पहिलीच्या पोराच्या तोंडचे दोन-तीनशे शब्द त्यात आले तरी पुरे. पुढच्या समुपदेशनात ज्या मुलाला सोनबर्डीचा आदेश मिळेल, त्याच्या हाती त्या आदेशाबरोबर ती वहीही पडावी, आणि शाळेवर पहिले आठ दिवस त्याच्याबरोबर जायला केंद्रातला एक जुना गुरुजी नेमलेला असावा.